विद्यापीठाच्या आपत्ती व्यवस्थापनाची जबाबदारी आली आहे. सुरुवात कुठून करावी?

अंबाझरीकर

सप्रेम नमस्कार. नागपुरातील एका मोठ्या विद्यापीठात मी भूगोल शिकवतो. गेल्या महिन्यात आलेल्या पत्राने आपत्ती व्यवस्थापन कक्षाच्या समन्वयकाचा अतिरिक्त कार्यभार माझ्याकडे सोपवण्यात आला आहे. सोबत मिळालेल्या नस्तीत जुना आराखडा आहे. त्यात पूर, आग, वीज, भूकंप अशी प्रकरणे ओळीने लिहिलेली आहेत, परंतु संपर्कयादीतील पहिल्या पाच जणांपैकी तिघे निवृत्त झाले असून एकाचा क्रमांक बंद आहे.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांमध्ये पाणी शिरले, तेव्हा डागा लेआऊटमधील नातेवाइकांना मी फोन लावत बसलो होतो. काही तासांत १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला होता आणि लोक गाढ झोपेत होते. तेव्हापासून एक प्रश्न मनातून जात नाही : हेच पाणी आमच्या वसतिगृहांच्या तळमजल्यावर आले असते, तर रात्री दोन वाजता मुलांना वरच्या मजल्यावर हलवण्याचा निर्णय कोणी घेतला असता? स्वतंत्र निधी नाही, मदतीला एक लिपिक आहे. अशा स्थितीत पहिल्या तीन महिन्यांत काय करावे, हे अनुभवी मंडळींनी सांगावे, ही विनंती.

सीताबर्डीकर

मी अग्निशमन सेवेतून निवृत्त झालो आहे. आपण विचारलेला प्रश्नच आराखड्याचा गाभा आहे. वर्दी आल्यावर गाडीतून उतरताच आम्ही तीन गोष्टी विचारत असू : आत माणसे किती, मेन स्विच कुठे आणि मागच्या दाराची किल्ली कोणाकडे. मोठ्या संस्थांमध्ये या तिन्हींची उत्तरे एका माणसाकडून क्वचितच मिळत, आणि मिळाली तर ती बहुधा त्या इमारतीच्या जुन्या चौकीदाराकडून मिळत.

निर्णयाला उशीर झाला की काय होते, याचे उदाहरण जगभर अभ्यासले जाते. १६ एप्रिल २००७ रोजी अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक विद्यापीठाच्या वसतिगृहात सकाळी सव्वासातच्या सुमारास पहिला गोळीबार झाला. दरम्यान वरिष्ठांची बैठक बसली, आणि सर्वांना कळवणारा पहिला ई-मेल निघाला तो ९ वाजून २६ मिनिटांनी. त्यानंतर पाव तासाच्या आतच हल्लेखोराने दुसऱ्या इमारतीत गोळीबार सुरू केला. त्या दिवशी एकूण ३२ जण मारले गेले. पुढे २००८ मध्ये तेथील कायद्यात बदल होऊन, धोक्याची खात्री पटताच विनाविलंब इशारा देणे विद्यापीठांना बंधनकारक झाले. आपल्याकडचे धोके वेगळे आहेत, पण परवानगीची वाट पाहण्याची सवय तीच आहे.

म्हणून आराखडा पुन्हा लिहायला घेण्यापूर्वी कुलगुरूंच्या सहीचे एक पानी आदेशपत्र मिळवा. इमारत रिकामी करणे, वीज तोडणे, भोंगा वाजवणे आणि ११२ वर कळवणे, या चार गोष्टी कोणालाही न विचारता कोण करू शकेल, हे त्यात पदनामासह लिहिलेले असावे. प्रत्येक पदापुढे आणखी दोन पर्यायी पदे हवीत, कारण नेमका त्याच दिवशी एक जण रजेवर असतो आणि दुसरा बाहेरगावी. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१० मध्ये घटना प्रतिसाद प्रणालीची मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. त्यातील घटनाप्रमुखाची कल्पना हीच आहे : प्रसंगाचे नेतृत्व नेमलेल्या माणसाकडे असते, तेथे हजर असलेल्या सर्वांत ज्येष्ठ माणसाकडे ते आपोआप जात नाही. आपल्या विद्यापीठीय संस्कृतीत ही गोष्ट पचनी पडायला वेळ लागतो.

दुसरे, आमची गाडी आत वळेल का, ते स्वतः टेप लावून पाहा. शोभेची कमान आणि तिच्याखाली लावलेल्या दुचाकी यांमुळे गाडी फाटकाबाहेर थांबलेली मी पाहिली आहे. प्रशिक्षणासाठी दूर जावे लागणार नाही. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची अकादमी (पूर्वीचे राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय तिच्यातच विलीन झाले आहे) आणि राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय, दोन्ही आपल्या नागपुरातच आहेत. पत्र देऊन प्रत्यक्ष भेटा.

धंतोलीकर

मी मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होते. वरील प्रतिसादाशी एका मुद्द्यावर मी असहमत आहे : नुसता भोंगा पुरेसा नाही. आमच्या वसतिगृहात सकाळी अकरा वाजता, आधी परिपत्रक काढून घेतलेली रंगीत तालीम छान पार पडली होती. मग मी एकदा रात्री साडेअकराला, फक्त दोन सहकाऱ्यांना सांगून, ती घेतली. भोंगा वाजताच जवळपास सगळ्या मुली सवयीने पुढच्या जिन्याकडे धावल्या. मागच्या जिन्याच्या ग्रिलला कुलूप होते. कार्यालयातील खिळ्यावर एकाच तारेत वीसेक किल्ल्या ओवलेल्या, एकीवरही चिठ्ठी नाही, आणि टॉर्चच्या उजेडात मी एकेक लावून पाहत होते. कुलूप उघडायला सहा मिनिटे लागली. ती सहा मिनिटे मी अजून विसरलेले नाही. दुसऱ्या दिवशी ते कुलूप काढून आतून उघडणारी कडी बसवली, आणि कोणत्या जिन्याने उतरायचे हे सांगणारा माणसाचा आवाज ध्वनिक्षेपकावर असलाच पाहिजे, असे ठरवले.

आणखी एक. ज्यांना भोंगा ऐकू येत नाही किंवा जिना उतरता येत नाही, अशा विद्यार्थ्यांची नावे खोली क्रमांकासह रेक्टरकडे असावीत आणि प्रत्येकासोबत शेजारच्या खोलीतील दोघी नेमलेल्या असाव्यात. २०२३ च्या त्या पुरात मूकबधिर विद्यालयातील मुलांना बचाव पथकांनी बाहेर काढले होते, हे आपल्याला आठवत असेलच.

महालकर

रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळांबद्दल थोडक्यात. आत कोणती रसायने किती आहेत याची यादी दाराबाहेर लावा. कपाटात ठेवलेली यादी आगीच्या वेळी कोणाच्याही हाती लागत नाही. सोडियमवर पाणी पडले तर हायड्रोजन सुटून तो पेट घेतो, म्हणून तेथे कोरडी वाळू हवी. अग्निशमन यंत्रणा तपासल्याचे ‘ब’ नमुन्यातील प्रमाणपत्र जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावे लागते. ते येते, पण सिलिंडर उचलून कसा चालवायचा हे परिचराला कोणी शिकवत नाही.

हिवरीनगरकर

पूर आणि आग यांच्या चर्चेत ऊन मागे पडू नये. २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले होते, आणि आपल्या उन्हाळी परीक्षा त्याच सुमारास चालतात. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, दुपारचा पेपर देऊन निघालेला मुलगा असंबद्ध बोलू लागला, तर तो परीक्षेच्या ताणामुळे तसे बोलतो आहे असे समजून त्याला बाकावर बसवून ठेवू नये. तो उष्माघात असू शकतो. १०८ ला फोन करून लगेच सावलीत न्यावे, अंगावर पाणी ओतून वारा घालावा, आणि शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नये. हे केंद्रावरील प्रत्येक पर्यवेक्षकाला माहीत हवे. शक्य तिथे पेपर सकाळी घेण्याचा प्रस्ताव समन्वयकानेच परीक्षा विभागाकडे मांडावा. ते काम आपत्ती व्यवस्थापनाचेच आहे.

अंबाझरीकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आदेशपत्राचा मसुदा आज कुलसचिवांकडे पाठवला. काल सायंकाळी चारही वसतिगृहांच्या मागच्या दारांपाशी जाऊन आलो. दोन ठिकाणी कुलूप होते, आणि एका ठिकाणी दारासमोर जुन्या लोखंडी खाटा रचून ठेवल्या होत्या. खाटा हलवण्याचे लेखी कळवले आहे. चौकीदारांची बैठक येत्या सोमवारी ठेवली असून, रात्रपाळीच्या मंडळींना येता यावे म्हणून ती रात्री दहा वाजता फाटकावरच घेणार आहे.