हसायला काय जातं?
वर एकांनी विचारलंय, कॅशियरला जरा हसून बोलायला काय जातं? मी सुपरमार्केटच्या काउंटरवर काम करते. फोन कानाला लावून, माझ्याकडे न बघता पाचशेची नोट भिरकावणारे रोज येतात. त्याहून ताप म्हणजे अर्धं बिल झाल्यावर "तेल नको, काढून टाका" म्हणणारे. बिलात चढलेली वस्तू मला काढता येत नाही, सुपरवायझरला बोलवावं लागतं. तोवर मागची रांग माझ्यावरच खेकसते. या गडबडीत रात्री कॅश कमी भरली तर पैसे माझ्याच पगारातून जातात. आणि हे सगळं उभ्याने! केरळने २०१८ मध्ये, तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानातल्या कामगारांसाठी बसायची सोय कायद्यात आणली. आमच्याकडे स्टूल मागितलं, तर "गिऱ्हाइकांसमोर बरं दिसत नाही" असं उत्तर मिळालं.