चिखल्या आणि मेडिकलवाली ट्यूब

चिखल्यांवर, म्हणजे पायाच्या बोटांच्या बेचक्यांत होणाऱ्या बुरशीवर, मेडिकलमधली ट्यूब दोन दिवसांत गुण देते, असं बरेच जण सांगतात. देते खरी, पण तो गुण बहुधा तिच्यातल्या स्टेरॉइडचा. खाज आणि लाली बसते, बुरशी मात्र तशीच पसरत राहते आणि ट्यूब थांबवली की पुन्हा उसळते. मागची बारीक अक्षरं वाचा: क्लोबेटासोल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन या स्टेरॉइडांपैकी काही असेल तर नको. नुसतं क्लोट्रिमाझोल हे बुरशीवरचं औषध पुरतं, फक्त कातडी बरी दिसायला लागल्यावरही ते आठ-पंधरा दिवस लावायचं. इथेच सगळे कंटाळतात. आमच्याकडे लावणीच्या दिवसांत तर निम्मी आळी ती एकच ट्यूब फिरवत असते!

टाचांच्या भेगांबद्दल सहसा कोणी न सांगितलेली गोष्ट म्हणजे सगळ्या भेगा कोरडेपणाच्या नसतात. तळव्याच्या रेषांत पिठासारखा पांढरा कोंडा असेल, त्यातही एकाच पायाला जास्त, तर बुरशीचा संशय घ्या. मग कोकम तेल कितीही चोळा, उपयोग नाही. त्वचेचे डॉक्टर थोडी खपली खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, साधी तपासणी आहे. मधुमेह असेल तर घरी काही कापू-खरवडू नका, कुरुपाची पट्टीसुद्धा नको, तिच्यातल्या आम्लाने जखम होते.