रांगतं बाळ घरात असताना बाथरूम आणि ओट्याचं काम: घराबाहेर राहायचे दिवस कोणत्या कामासाठी राखावेत?

कोथरूडची_आई

नमस्कार. आमचा २ बीएचके फ्लॅट १९९८ च्या इमारतीत आहे. दोन्ही बाथरूम फोडून नवीन करायची आहेत, कारण मास्टर बेडरूमच्या बाथरूममधून खालच्या घरात गळतं. ओटा आणि ओट्यावरच्या टाइल्स बदलायच्या आहेत, सगळं वायरिंग नवीन आणि शेवटी रंग. फरशी तीच राहणार. मुलांच्या खोलीतली लोखंडी खिडकी काढून अॅल्युमिनियमची सरकती बसवायची आहे.

घरात मुलगी चार वर्षांची, मुलगा दहा महिन्यांचा. तो रांगतो आणि हाताला लागेल ते तोंडात घालतो. दोन महिने भाड्याच्या घरात राहणं परवडणार नाही, पण सासूबाईंकडे चिंचवडला साधारण दहा दिवस राहता येईल. ते दिवस कशासाठी वापरावेत? कंत्राटदार म्हणतो, रंगाच्या वेळी जा. बाकीचे दिवस घरातच काढताना नेमकं काय सांभाळायचं?

साइटवरचा

रंगासाठी ते दिवस खर्च करू नका. रंगाचा वास येतो म्हणून तो धोक्याचा वाटतो, पण हल्लीचे भिंतीचे रंग पाण्यात कालवायचे असतात. खिडक्या उघड्या ठेवून एकेक खोली रंगवली आणि तीन-चार रात्री त्या खोलीत मुलांना झोपवलं नाही, तर ते काम घरात राहून निभावतं. निभावत नाही ती तोडफोड, आणि त्याहून जास्त वायरिंगच्या झिऱ्या, म्हणजे वायरचे पाइप दाबायला भिंतीत मारायच्या खाचा. ग्राइंडरने कोरडी झिरी मारली की पिठासारखी बारीक धूळ उडते. त्यात सिलिका (वाळू-सिमेंटमधली फुफ्फुसाला घातक बारीक पूड) असते, ती तासन्‌तास हवेत तरंगते आणि बंद कपाटातल्या कपड्यांपर्यंत पोचते.

माझ्या मते दहापैकी आठ दिवस सुरुवातीलाच वापरा, दोन मागे ठेवा. त्या आठ दिवसांत मास्टरचं बाथरूम फोडायचं, ओटा आणि टाइल्स काढायच्या, घरभरच्या झिऱ्या मारून पाइप व बॉक्स बसवायचे आणि राडारोडा खाली न्यायचा. शेवटचा पूर्ण दिवस फक्त सफाईचा. त्यासाठी बिगारी जास्तीचा लागेल, ते आधीच ठरवून घ्या. कॉमनपेक्षा मास्टरचं बाथरूम आधी घ्यायचं कारण गळती तिथे आहे हे तर झालंच, शिवाय तिथला राडारोडा बेडरूममधून न्यावा लागतो. कॉमनचा सहसा पॅसेजमधून थेट दाराबाहेर जातो, त्यामुळे त्याची तोडफोड नंतर दोन दिवसांत उरकता येते. मागे ठेवलेले दोन दिवस त्यासाठी.

बाथरूमला किती दिवस लागतात हे कंत्राटदार नेहमी कमी सांगतो. तोडफोड दोन दिवस, प्लंबिंग दोन-तीन, गिलावा आणि त्याचं पाणी मारणं तीन-चार, वॉटरप्रूफिंगचे दोन हात आणि सुकणं दोन, पाणी भरून चाचणी दोन, टाइल्स तीन-चार, फिटिंग एक-दोन. म्हणजे पंधरा ते एकोणीस दिवस, आणि तेही मजूर रोज आले तर. मास्टरमधल्या नव्या कमोडचा फ्लश आठवडाभर नीट चालल्याशिवाय कॉमनमधल्या जुन्या कमोडला हात लावू देऊ नका.

पाण्याच्या चाचणीबद्दल वेगळं सांगतो. नहाणीचं, म्हणजे पाणी वाहून जायच्या जाळीचं, तोंड बंद करून पाच सेंटिमीटर पाणी भरायचं, खूण करायची आणि किमान ४८ तास ठेवायचं. खालच्या घरी जाऊन छत स्वतः बघा. घाईत ही चाचणी टाळली की टाइल्स बसल्यावर गळती पुन्हा दिसते आणि सगळं परत फोडावं लागतं. पण रांगत्या मुलाला बुडायला पाच सेंटिमीटर पाणी पुरतं. चाचणीआधी त्या दाराला बाहेरून, मोठ्या माणसाच्या खांद्याच्या उंचीवर कडी लावून घ्या. गवंड्याचं पाण्याचं पिंप आणि टाइल्स भिजवायची बादली यांनाही तेच लागू. बाळाचं डोकं जड असतं. ते बादलीत वाकलं की पाय वर येतात आणि स्वतःहून बाहेर निघता येत नाही, आवाजही होत नाही. संध्याकाळी बादल्या उपड्या, पिंपावर झाकण आणि झाकणावर दोन-तीन टाइल्सची पेटी.

डॉ_बालआरोग्य

वरचा क्रम योग्य आहे, फक्त आठ दिवसांत एक काम आणखी घाला: दारं, चौकटी आणि ग्रिलवरच्या जुन्या ऑइलपेंटचं. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भाग) जास्त नको, हा नियम भारतात २०१६ मध्ये निघाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. १९९८ च्या ऑइलपेंटमध्ये त्याच्या कितीतरी पट शिसं असू शकतं, विशेषतः पिवळ्या, लाल, हिरव्या छटांत. रंग घट्ट बसलेला असेल तोवर फारसा त्रास नाही. तो कोरडा घासला की त्याची पूड फरशीवर बसते, आणि दहा महिन्यांचं मूल तीच पूड तळहातावर घेऊन तोंडात घालतं. लहान मुलाच्या आतड्यातून शिसं मोठ्यांपेक्षा खूप जास्त शोषलं जातं, अंगात लोह कमी असेल तर आणखी. परिणाम मेंदूच्या वाढीवर होतो आणि तो भरून येत नाही.

म्हणून रंगाऱ्याला सांगा: मशीन लावायचं नाही, ब्लोटॉर्चने जाळायचं नाही, कोरडा पॉलिशपेपर नाही. जिथे रंग शाबूत आहे तिथे साबणपाण्याने पुसून, ओल्या पॉलिशपेपरने हलकेच चमक मोडून वर प्रायमर आणि नवा रंग. पापुद्रे सुटलेले असतील तेवढेच पाणी फवारून पत्रीने खरवडायचे, खाली प्लास्टिक अंथरून. ते प्लास्टिक आतल्या बाजूला गुंडाळून बांधून टाकायचं, झटकायचं नाही. तुमची जुनी लोखंडी खिडकीही याच दिवसांत काढून घ्या.

ही काळजी घेता आली नाही आणि मुलं घरात असताना कोरडं घासकाम झालंच, तर तुमच्या बालरोगतज्ज्ञांना सांगून रक्तातलं शिसं तपासून घ्या, सोबत हिमोग्लोबिन. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार डेसिलिटरमागे ५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त आलं, तर शिसं कुठून येतंय ते शोधून थांबवायचं असतं.

दुसरी गोष्ट थिनर आणि टर्पेंटाइन. रंगारी ते पाण्याच्या रिकाम्या बाटलीत ओतून ठेवतात, आणि चार वर्षांच्या मुलीला ती पाण्याचीच बाटली दिसते. घरात अशी बाटली एकही नको, मूळ डबाच हवा आणि तो रोज संध्याकाळी घराबाहेर किंवा कुलपात. चुकून प्यायलं गेलं तर उलटी करवू नका, मिठाचं पाणी देऊ नका. उलटीबरोबर ते फुफ्फुसात जातं आणि खरा धोका तिथे असतो. मूल बरं दिसत असलं तरी लगेच रुग्णालयात न्या, कारण खोकला आणि धाप काही तासांनीही सुरू होते. डबा सोबत घ्या. रुग्णवाहिकेसाठी १०८. दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा १८०० ११६ ११७ हा क्रमांक चोवीस तास चालतो, तो फ्रिजवर लिहून ठेवा.

ओलं सिमेंट आणि टाइल्सचे नुकतेच भरलेले सांधे त्वचा भाजतात. गुडघ्यांना लागलं तर वाहत्या पाण्याने भरपूर धुवा. डोळ्यात गेलं तर न चोळता १५ ते २० मिनिटं पाणी सोडत राहा आणि मग दवाखाना. टाइल्सवरचे डाग काढायला गवंडी अॅसिड आणतात. त्याच मोरीत ब्लिचिंग पावडर पडली की क्लोरीन वायू तयार होतो. दोन्ही एका दिवशी वापरू देऊ नका.

आणि मास्क: दोन वर्षांखालच्या बाळाला मास्क लावायचा नसतो, गुदमरायची भीती असते. त्याच्यासाठी उपाय एकच, धुळीपासून लांब ठेवणं.

साइटवरचा

डॉक्टरांचं बरोबर आहे. एरवी रंगारी शेवटी येतो, पण इथे त्याला दोनदा बोलवा. घासकाम पहिल्या आठवड्यात, रंग शेवटी. तो एक-दोन दिवसांची मजुरी जास्त लावेल, ती द्या.

खिडकीची एक अट घाला. जुनी खिडकी निघाल्यापासून नवीन बसेपर्यंत ती खोली बंद ठेवायची, आणि जुनी काढायचीच मुळी नवीन चौकट तयार होऊन घरात आल्यावर. माप घेतल्यावर कारखान्यातून यायला आठवडा सहज जातो. काही कारणाने मध्ये रात्र गेली तर १२ एमएमचा प्लाय बाहेरच्या चौकटीला स्क्रूने आवळून घ्या. पुठ्ठा किंवा दोरीने बांधलेली जाळी चालणार नाही. सरकत्या खिडकीला आतून ग्रिल किंवा चार बोटांपेक्षा जास्त न उघडणारा अडसर त्याच दिवशी बसवून घ्या.

घर_चालू_आहे

घरात राहण्याबद्दल लिहिते. तुम्ही परत याल तेव्हा मास्टर आणि स्वयंपाकघर कामात असेल, तुमच्याकडे मुलांची खोली, हॉल आणि कॉमन बाथरूम. खिडकीचं काम आठ दिवसांत पुरं झालं नसेल तर झोपायची सोय हॉलमध्ये करा.

पडदा २०० मायक्रॉनच्या प्लास्टिकचा घ्या, हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर मिळतो. नुसत्या मास्किंग टेपवर तो टिकत नाही, डिस्टेंपरच्या भिंतीवरून टेप दुसऱ्या दिवशी सुटते. वर आणि बाजूला एक इंची लाकडी पट्टी स्क्रूने दाबा, खाली हातभर जास्तीचं सोडून त्यावर वाळूची पिशवी ठेवा. ये-जा करायला दोन पडदे एकमेकांवर दीड फूट चढवा. उरलेले तुकडे लगेच टाकून द्या, मुलं डोक्यावर घेतात. मग कामाच्या खोलीच्या खिडकीत एक पंखा बाहेर तोंड करून चालू ठेवा आणि तुमच्या बाजूची खिडकी थोडी उघडी. हवा स्वच्छ बाजूकडून धुळीकडे जायला हवी. पडद्याइतकाच हा पंखा महत्त्वाचा आहे, आणि तो कुणी लावत नाही. एसी बंद आणि झाकलेला. हवा शुद्ध करायचं यंत्र तोडफोडीच्या दिवसांत लावू नका, फिल्टर लगेच चोंदतो. ते रात्री झोपायच्या खोलीत लावा.

झाडू नाही. झाडूने धूळ परत उडते. मजूर गेल्यावर अर्धा-पाऊण तास थांबून ओलं पुसायचं, दोन बादल्या घेऊन: एकीत साबणपाणी, दुसरीत फडकं खळबळायचं. सकाळी बाळाला खाली सोडण्याआधी पुन्हा एकदा, कारण रात्रभर धूळ बसत असते. सुतार आल्यावर फरशीवरून मोठं लोहचुंबक फिरवा. पाव इंची चुका (बारीक खिळे) फडक्याला सापडत नाहीत, बाळाला सापडतात.

स्वयंपाकाला इंडक्शन सोयीचं, पण २००० वॅटच्या शेगडीला १६ अँपिअरचाच सॉकेट लागतो. सिलिंडर वापरणार असाल तर तो उभा, रेग्युलेटरसह, हवा खेळती असलेल्या जागी, शेगडी त्याच्यापेक्षा उंच. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. सुतार ज्या दिवशी लॅमिनेट चिकटवायला रबरी सोल्यूशन उघडेल, त्या दिवशी घरात ज्योत पेटवूच नका, त्याची वाफ पेट घेते. पाइपचा गॅस असेल तर लाइन हलवायचं काम गॅस कंपनीच करते. प्लंबरला हात लावू देऊ नका आणि ओटा फोडायच्या पुरेसं आधी अर्ज करा. कुकर सकाळी मजूर यायच्या आत एकदाच लावायचा, वरणभात आणि बाळाची खिचडी दोन्ही. पाण्याचा फिल्टर काढलेला असेल, तेव्हा बाळाचं पाणी उकळूनच.

दुपारची झोप हा रोजचा प्रश्न असतो. मिस्त्रीला सकाळीच विचारा, आज ठोकाठोकी किती वाजता. बहुतेक जण १ ते ३ मध्ये मोजमाप, माल लावणं, जेवण अशी शांत कामं घ्यायला तयार असतात, फक्त ते रोज सांगावं लागतं, कारण गवंडी, प्लंबर, वायरमन वेगवेगळे येतात आणि आधीच्याला सांगितलेलं पुढच्याला माहीत नसतं.

कोथरूडची_आई

खूप आभार. आजच कंत्राटदाराशी बोलले. घासकाम आधी घ्यायला तयार आहे, पण म्हणतो वायरिंग चालू असताना घरात राहायचं तर तात्पुरती लाइन द्यावी लागेल. त्यात काय बघायचं?

साइटवरचा

तात्पुरता बोर्ड मीटरनंतर लगेच हवा, त्यात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) आणि त्याखाली दोन एमसीबी (जास्त भार किंवा शॉर्ट झाला की पडणारे स्विच): एक तुमच्या राहत्या भागाचा, एक कामाचा. आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण तुमच्यासमोर दाबून दाखवायला सांगा, तो पडला पाहिजे. ग्राइंडरची उघडी वायर काडीपेटीच्या काडीने सॉकेटमध्ये खोचायची पद्धत सर्रास आहे. ती अजिबात चालवून घेऊ नका, थ्री-पिन टॉप लावूनच आत या म्हणावं. भिंतीतून बाहेर लोंबणाऱ्या वायरींना टेप पुरत नाही, कनेक्टर लावून बॉक्सवर कोरी प्लेट बसवून घ्या. संध्याकाळी वायरमन निघाला की कामाचा एमसीबी खाली.

नवीन सॉकेट घेताना आत शटर (पिन घातल्याशिवाय भोकं बंद ठेवणारी झडप) असलेले घ्या, किमतीत फरक थोडा असतो. आणि मुलांच्या खोलीतला बेडजवळचा सॉकेट कुठे येणार ते झिरी मारण्याआधी भिंतीवर खडूने आखून घ्या. पाळणा कुठे राहणार हे वायरमनला माहीत नसतं.