उणे १५ अंशांत व्हिडिओ शूटिंग: बॅटरी आणि बाष्प

प्रश्न
पुढच्या महिन्यात बर्फात, उणे १० ते उणे १५ अंश सेल्सियसमध्ये, रोज तीन-चार तास मिररलेस कॅमेऱ्यावर शूटिंग आहे. उणे ५ ला चाचणी घेतली तेव्हा बॅटरी ४० टक्के दाखवत असतानाच कॅमेरा बंद पडला, आणि घरात आणल्याबरोबर लेन्स धुरकट झाली. मॅन्युअलमध्ये ० ते ४० अंश एवढीच मर्यादा आहे. कॅमेऱ्याला लोकरीचं कव्हर घातलं तर भागेल का?

प्रतिसाद १
कव्हरचा बॅटरीला थोडा उपयोग होईल, बाष्पाला काहीच नाही.

थंडीत लिथियम-आयन बॅटरीतले आयन सावकाश सरकतात आणि अंतर्गत रोध वाढतो. रेकॉर्डिंगसाठी जास्त करंट खेचला की व्होल्टेज एकदम बसतं आणि कॅमेरा बॅटरी संपली असं धरून बंद होतो. चार्ज आत शिल्लकच असतो. तेव्हा ती बॅटरी आतल्या खिशात, अंगालगत, वीसेक मिनिटं ठेवा. पुन्हा चालते. जॅकेटचा बाहेरचा खिसा कामाचा नाही. त्याच खिशात किल्ल्या किंवा नाणी नकोत, टर्मिनल शॉर्ट होतात. नेहमीपेक्षा दुप्पट बॅटऱ्या न्या.

गारठलेली बॅटरी लगेच चार्जरला मात्र लावू नका. शून्याखाली चार्ज केली तर ॲनोडवर (आतल्या ऋण इलेक्ट्रोडवर) लिथियम धातूचा थर बसतो आणि क्षमता कायमची घटते.

लांब शॉट असतील तर डमी बॅटरी (बॅटरीच्या जागी बसणारा, वायरने बाहेरून वीज देणारा तुकडा) घ्या आणि पॉवर बँक कोटाच्या आत ठेवा. वायर सिलिकॉनच्या आवरणाची असू द्या. पीव्हीसीची कडक होते आणि वाकवली की तडकू शकते.

प्रतिसाद २
बाष्पाचा बंदोबस्त दाराबाहेरच करायचा असतो, आत आल्यावर उशीर झालेला असतो. बाहेर असतानाच कार्ड आणि बॅटरी काढून घ्या, म्हणजे फुटेज लगेच कॉपी करता येईल. मग कॅमेरा लेन्ससकट झिपच्या पिशवीत घाला, हवा दाबून काढा, झिप नीट लावा आणि तशीच बॅगेत ठेवून आत आणा. बाष्प पिशवीच्या बाहेरच्या अंगाला धरतं. सगळं खोलीच्या तापमानाला येईपर्यंत झिप उघडायची नाही. मोठ्या लेन्सला दोन तास द्या. तोवर लेन्स काढली तर सेन्सरवरच बाष्प धरेल. दिवसातून चार वेळा आत-बाहेर करण्यापेक्षा कॅमेरा संध्याकाळपर्यंत बाहेर थंडच राहू द्या.

कव्हरबद्दल एक वेगळं मत. बर्फ पडत असेल तर ऊबदार कॅमेरा वाईट. बर्फ त्यावर वितळतो, पाणी बटणांच्या फटीत शिरतं आणि तिथेच गोठतं. थंड बॉडीवरचा भुसभुशीत बर्फ मऊ ब्रशने सहज झटकता येतो. लेन्सवर फुंकर कधीही मारू नका, श्वासातली वाफ काचेवर गोठून बसते. रबरी ब्लोअर वापरा.

प्रतिसाद ३
ट्रायपॉडकडे सहसा कुणी लक्ष देत नाही. फ्लुइड हेडमधलं (ट्रायपॉडवरच्या, कॅमेरा सावकाश फिरवणाऱ्या भागातलं) वंगण घट्ट होतं, मग पॅन करताना, म्हणजे कॅमेरा आडवा फिरवताना, हेड आधी अडतं आणि मग एकदम झटका देऊन सुटतं. संथ पॅनमध्ये तो झटका स्पष्ट दिसतो. ड्रॅग (हेड फिरवताना जाणवणारा रोध) सगळ्यात कमी ठेवा आणि पहिल्या शॉटआधी हेड दहा-पंधरा वेळा आडवं-उभं फिरवून घ्या.

लेन्स थंड होताना फोकसही किंचित सरकतो. अर्ध्या तासाने चित्र मोठं करून पुन्हा तपासा. अनंताच्या खुणेवर विसंबू नका. ऑटो एक्स्पोजर बर्फ राखाडी करतं, तेव्हा एक्स्पोजर +१ ते +१.५ स्टॉप वाढवा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) आणि झेब्रा, म्हणजे फार उजळ भागावर पडद्यावर दिसणारे पट्टे, ९५ टक्क्यांवर लावा. एलसीडीवर हलत्या गोष्टीची शेपटी दिसली तर घाबरू नका, पडदा संथ झालेला असतो, रेकॉर्डिंग ठीक असतं.

प्रश्नकर्ता
दोन शॉटच्या मध्ये कॅमेरा बंद ठेवू की चालू?

प्रतिसाद १
पाच-दहा मिनिटांचीच गॅप असेल तर चालू ठेवा आणि पडदा बंद करा. कॅमेऱ्याच्या स्वतःच्या उष्णतेने बॅटरी जरा ऊबदार राहते. त्याहून जास्त वेळ असेल तर बंद करा आणि बॅटरी काढून थेट खिशात.