दहा दिवसांच्या साड्या की कायमची सिमेंटची कमान? (दांडिया बाजार, वडोदरा)

वाड्यातली

नमस्कार. प्रश्न लांबलचक आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय तुम्हाला उत्तर देता येणार नाही.

लग्न होऊन दांडिया बाजारात आले त्याला चौतीस वर्षं झाली. २०२४च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा माझी नणंद नदीजवळच्या एका सोसायटीत तळमजल्यावर होती. घरात दोन दिवस कंबरभर पाणी. ते ओसरल्यावर तिची लोखंडी ट्रंक आम्ही आमच्याकडे आणली. आत सासूबाईंच्या साड्या होत्या, नऊवारी आणि पाचवारी मिळून एकेचाळीस. झाकण उघडलं तर करडा गाळ, आणि शेवाळाचा तो वास अजून माझ्या नाकातून जात नाही. रिठ्याच्या पाण्यात एकेक साडी तीन-तीनदा काढली. काठापदराची जर काळी पडली ती पडलीच, पण सूत टिकलं. वाळत घालायला गच्ची पुरेना, म्हणून समोरच्या काकूंच्या गच्चीपासून आमच्या गच्चीपर्यंत दोऱ्या बांधल्या आणि गल्लीवरच साड्या टाकल्या.

दुपारी बाराच्या सुमाराला मी खाली आले. फरशीवर अंजिरी, मोरपंखी, हळदी असे उजेडाचे पट्टे पडले होते आणि त्यात गल्लीतले लोक माना वर करून उभे होते. पलीकडच्या वाड्यातले ऐंशीच्या घरातले काका, जे संक्रांतीला तिळगूळ घ्यायलासुद्धा दाराबाहेर येत नाहीत, ते काठी टेकत आले. एका डाळिंबी साडीकडे बोट दाखवून म्हणाले, "ही वहिनी माझ्या मुंजीत नेसली होती. भिक्षावळीला तिनं पहिला लाडू घातला." मग तासभर ओट्यावर बसून बोलत होते. त्यांच्या सुनेनंही त्या गोष्टी आधी ऐकल्या नव्हत्या.

तेव्हापासून डोक्यात आहे की यंदा गणेशोत्सवात दहा दिवस सगळी गल्ली अशीच साड्यांनी झाकायची. चौकापासून शेवटच्या वाड्यापर्यंत साधारण साठ मीटर. घराघरांतून जुन्या साड्या मागायच्या, अकराव्या दिवशी धुऊन परत करायच्या.

मंडळात विषय काढला. खजिनदार म्हणाले, दोऱ्या, माणसं, परवानगी मिळून जो खर्च येईल तो अकराव्या दिवशी हवेत जाईल. त्यापेक्षा चौकात सिमेंटची कमान बांधू, देणगीदारांची नावं कोरू, पन्नास वर्षं राहील. मी म्हटलं, गणपतीही दहाच दिवस असतो. त्यावर ते शांतपणे म्हणाले, "मूर्ती जाते, देव मनात राहतो. साड्या गेल्यावर काय राहील?" मला उत्तर सुचलं नाही. तेव्हा कृपा करून मला विसर्जनाचं उदाहरण देऊ नका, ते देऊन झालंय.

आणखी एक. गुढीपाडव्याला मी बारा साड्या लावून पाहिल्या होत्या. संध्याकाळी वारा सुटला, एक टोक निसटलं आणि साडी स्कूटरवरून जाणाऱ्या मुलाच्या खांद्याला गुंडाळली. तो पडला, कोपर सोलपटलं. गाठ मीच मारली होती. त्या रात्री मला झोप लागली नाही.

म्हणून दोन गोष्टी विचारते. दहा दिवसांच्या कामाचं मागे खरंच काही राहतं का? आणि ते करायचंच तर कुणालाही इजा न होता कसं करायचं?

कनात_दोरी

ताई, दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगतो. आमचा मंडपाचा धंदा वडिलांपासून आहे, वाडी भागात.

कापड हलकं वाटतं, पण वाऱ्यात ते शीड असतं. हे मोठमोठ्या लोकांनाही महाग पडलंय. ख्रिस्तो आणि जान-क्लोद या कलाकार जोडप्यानं १९९१मध्ये जपानमध्ये १,३४० निळ्या आणि कॅलिफोर्नियात १,७६० पिवळ्या छत्र्या एकाच वेळी उभ्या केल्या होत्या. एकेक छत्री सहा मीटर उंच, वजन दोनशे किलोच्या आसपास, पाया पक्का. तरी कॅलिफोर्नियात सोसाट्याच्या वाऱ्यानं एक उपटली आणि बघायला आलेली एक बाई गेली. त्यांनी दोन्हीकडचं काम लगेच बंद केलं. मग जपानमध्ये छत्र्या उतरवताना क्रेनचा हात विजेच्या तारेला लागला आणि एक कामगार गेला. आमच्या धंद्यात म्हणूनच म्हणतात, चढवताना दोन डोळे, उतरवताना चार.

आता तुमची गल्ली. गॅलरीच्या कठड्याला काहीही बांधू नका, जुन्या वाड्यांचे लाकडी कठडे आतून पोकळ झालेले असतात. गच्चीच्या आतल्या बाजूला वासा आडवा टाकून त्याला बांधा. गल्लीवर आडव्या दोऱ्या चार-चार फुटांवर, नायलॉनच्या. सुतळी पावसात फुगते आणि उन्हात सैल पडते. साडी दोऱ्यांवरून लांबीनं न्यायची, प्रत्येक दोरीवर थोडा झोळ ठेवायचा. ताणून बसवलीत की शीड झालं. दोन साड्यांमध्ये वीतभर फट, वारा तिथून निघतो.

मुख्य गोष्ट गाठींची. मधल्या दोऱ्यांवर साडी पक्की बांधायची. टोकांना मात्र सुती नाडी लावायची. जोराचा झोत आला की नाडी तुटली पाहिजे. मग फार तर चार फुटांचा पदर फडफडेल, सगळी साडी खाली येणार नाही. पाडव्याला तुमचं उलट झालं असणार, टोकं पक्की आणि मध्ये काहीच नाही.

सगळ्यात खालचा झोळ रस्त्यापासून पंधरा फूट वर ठेवा. एका बाजूच्या दोऱ्या खुंटीवर अशा घ्या की आगीचा बंब आला तर एक माणूस दोन मिनिटांत त्या सोडू शकेल, आणि तो माणूस ठरलेला असू द्या. विजेच्या तारांपासून लांब. तुमच्या गल्लीत उघड्या तारा असतील तर वीज कंपनीचा माणूस येऊन बघून गेल्याशिवाय एकही दोरी टाकू नका. फक्त सुती साड्या घ्या. नायलॉन-जॉर्जेट पेटलं की वितळून ठिबकतं. साड्यांतून दिव्यांच्या माळा अजिबात नकोत. भाद्रपदात पाऊस असतोच, ओली नऊवारी हातात उचलून बघा म्हणजे दोरीवर काय येणार ते कळेल. मुसळधार पावसाचा अंदाज असेल त्या दिवशी उतरवायच्या.

मोगरा_एडिसन

मी मूळची रावपुऱ्याची, आता बरीच वर्षं न्यू जर्सीत. ताई, पहिल्या प्रश्नाबद्दल माझ्याकडे एक वस्तू आहे ती सांगते.

फेब्रुवारी २००५मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये याच ख्रिस्तो आणि जान-क्लोदनं पायवाटांवर ७,५०३ चौकटी उभ्या केल्या होत्या. सोळा फूट उंच, वरून भगवं कापड सोडलेलं. सदतीस किलोमीटरच्या वाटा, आणि हे सगळं फक्त सोळा दिवस. तेव्हा मला इथे येऊन दीड वर्ष झालं होतं. हिवाळ्यात इथे रंगच नसतो, झाडं काळी, आकाश राखाडी, आणि पहिल्या वर्षी ते मला फार जड गेलं होतं. धाकटा कडेवर, मोठीचं बोट धरलेलं, अशी मी त्या चौकटींखाली शिरले. खाली बर्फ आणि डोक्यावर वाऱ्यानं हलणारा भगवा. मला दिंडी आठवली, आजोबांच्या खांद्यावरची पताका आठवली, आणि मी अनोळखी लोकांमध्ये उभी राहून रडले. शेजारच्या एका म्हाताऱ्या बाईनं काही न विचारता माझा हात धरला. तिला दिंडी ठाऊक असायचं कारणच नव्हतं.

तिथे उभे असलेले स्वयंसेवक त्याच कापडाचे छोटे चौकोन फुकट वाटत होते. दोन बोटांत मावेल एवढा तो तुकडा आईनं दिलेल्या हरिपाठात ठेवलाय, कडेचे धागे आता सुटलेत.

तुमच्या खजिनदारांना आणखी सांगा, बागेत एकही खड्डा खणला नव्हता. चौकटी जड लोखंडी ठोकळ्यांवर उभ्या होत्या, आणि उतरवल्यावर सगळं सामान पुन्हा वापरात आणायला पाठवलं. कल्पना १९७९ची, परवानगी २००३ची. सरकारचा पैसा नाही, कुणाची जाहिरात नाही. ख्रिस्तो आपली रेखाटनं विकून खर्च उभा करायचे. आजही त्या वाटेवरून जाताना मला चौकटी जिथे होत्या तिथे मान वर करावीशी वाटते.

चित्रकला_वर्ग

मी इथल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातल्या फाइन आर्ट्‌सचा विद्यार्थी, आता शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालोय.

आपल्या गावाला दोन्ही तऱ्हा माहीत आहेत. कीर्ती मंदिरात, म्हणजे गायकवाड घराण्याच्या स्मारकात, चित्रकार नंदलाल बोसांनी १९३९ ते १९४६ या काळात रंगवलेली भित्तिचित्रं कायमची. मी दरवर्षी मुलांना तिथे नेत असे, त्याला तोड नाही. पण त्याच शहरात १९५०मध्ये सुरू झालेल्या फाइन आर्ट्‌सचा मेळा १९६१पासून भरायला लागला. बांबू, पुठ्ठा, माती, कापड यांतून काही दिवसांपुरतं एक गाव उभं राहायचं आणि मोडून टाकायचं. आमच्या वेळी मी पुठ्ठ्याचा हत्ती केला होता. तो दुसऱ्या दिवशी दवानं बसला. पण रात्रभर वेगवेगळ्या वर्गांची मुलं एकमेकांच्या हाताखाली राबली. मूर्तिकलेच्या मुलाकडून मी बांबू चिरायला शिकलो आणि पुढे तीस वर्षं मुलांना शिकवला.

खजिनदारांचा प्रश्न रास्त आहे, त्याला टाळू नका. मला वाटतं उत्तर कामाच्या तयारीत सापडतं. बर्लिनची राइशस्टाग ही जुन्या संसदेची इमारत कापडात गुंडाळायची कल्पना १९७१ची. ती पार पडली १९९५च्या जून-जुलैत, दोन आठवडे. मधली चोवीस वर्षं ख्रिस्तो आणि जान-क्लोद जर्मन खासदारांना एकेक करून भेटत होते. शेवटी १९९४मध्ये संसदेत चर्चा होऊन मतदान झालं, २९२ बाजूनं आणि २२३ विरुद्ध. ज्या इमारतीकडे लोक जुन्या जखमेसारखे बघत होते, तिच्याबद्दल एका देशानं भर सभागृहात बोलून घेतलं. मग पन्नास लाख लोक बघायला आले. कापड उतरल्यावर इमारतीची पुनर्बांधणी सुरू झाली आणि १९९९मध्ये संसद तिथे बसायला लागली. कापडामुळे हे झालं असं मी म्हणणार नाही, पण लोक त्या दगडांकडे पुन्हा बघायला लागले ते त्या दोन आठवड्यांत.

तेव्हा साड्या गोळा करायला घरोघरी तुम्ही स्वतः जा, मुलांना पाठवू नका. आणि आकड्याला अर्थ द्या. लंडनच्या टॉवर या जुन्या किल्ल्याभोवतीच्या खंदकात २०१४मध्ये मातीची ८,८८,२४६ लाल फुलं लावली होती, पहिल्या महायुद्धात ब्रिटनच्या आणि तिच्या वसाहतींच्या मेलेल्या सैनिकांपैकी प्रत्येकासाठी एक. नुसती शोभा म्हणून आठ लाख फुलं लावली असती तर लोक फोटो काढून गेले असते. तुमच्या गल्लीत किती स्त्रिया नांदून गेल्या? तेवढ्याच साड्या लावा, एक जास्त नको.

वाड्यातली

सगळ्यांचे मनापासून आभार. आठ दिवस उत्तर दिलं नाही कारण खरंच घरोघरी फिरत होते.

चित्रकला_वर्ग, तुमचं वाक्य घेऊन निघाले, "तुमच्या घरात कोण कोण नांदून गेलं?" पहिल्या घरातच दोन तास गेले. सतरा वाड्यांपैकी अकरा झाले, त्र्याण्णव नावं आली. त्यातल्या चारजणींची साडीच राहिलेली नाही. एका घरी फक्त खणाची चोळी आहे, दुसरीकडे साडीची गोधडी झालेली. मी म्हटलं, गोधडीसुद्धा द्या, चौकातल्या खांबाला टेकवून लावू. खाली गुजराती भाडेकरू आहेत, त्या बेननं विचारलं की तिच्या सासूची बांधणी चालेल का. ती याच गल्लीत पंचवीस वर्षं राहून गेली, का नाही चालणार? प्रत्येक साडीच्या काठाला पांढऱ्या मांजरपाटाची चिठ्ठी टाचणार आहे, काळ्या दोऱ्यानं नाव घालून. चिठ्ठी खालून वाचता येणार नाही, तरी घालणार.

खजिनदारांच्या घरीही गेले. त्यांच्या आईची साडी मागितली तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग कपाटातून एक इरकल काढून आणली, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. कमानीचा ठराव त्यांनी मागे घेतलेला नाही, तो पुढच्या बैठकीत येणारच आहे आणि मी त्याला विरोधही करणार नाही. पण आईचं नाव चिठ्ठीवर कसं घालायचं ते त्यांनी मला दोनदा सांगितलं, माहेरचं आणि सासरचं दोन्ही.

मोगरा, तुझा हरिपाठातला तुकडा मी बैठकीत सांगितला. बायका गप्प झाल्या आणि मग सगळ्या एकदम बोलायला लागल्या.

वीज कंपनीचा माणूस बुधवारी येऊन गेला. गल्लीच्या तोंडाशी दोन ठिकाणी तारा खाली आहेत, तेवढा दहा-बारा फुटांचा भाग मोकळा सोडतोय. पाडव्याला पडलेला मुलगा शेजारच्याच गल्लीतला निघाला. त्याच्या आईकडे पुन्हा एकदा माफी मागून आले. दोऱ्या सोडायच्या खुंटीवर तोच उभा राहणार आहे, त्यानं स्वतःहून विचारलं.

कनात_दोरी, एक राहिलं. टोकाची सुती नाडी बोटभर रुंद घ्यायची की अर्ध्या बोटाची? उद्या मंगळबाजारात जाणार आहे.

कनात_दोरी

अर्ध्या बोटाची. पांढरी घ्या, तुटली की खालून लगेच दिसते. आणि चढवायच्या दिवशी मला कळवा, माझी दोन माणसं आणि शिड्या घेऊन येतो.