गोठ्याकडे कललेली बाभूळ शेताकडे पाडताना

धुऱ्यावरील बाभूळ गोठ्याकडे कलली असली तरी शेताच्या बाजूने खोल खाच घेतली की ती शेतातच पडते, असे काही जण सुचवतात. त्याशी मी सहमत नाही. कल उलट असल्यास मागचा (खाचेच्या विरुद्ध, म्हणजे गोठ्याच्या बाजूचा) काप सुरू होताच खोड मागे बसते, करवतीचे पाते अडकते आणि झाड गोठ्यावर येते. म्हणून गोठ्याकडील फांद्या आधी उतरवाव्यात आणि शक्य तितक्या उंचावर जाड दोर बांधून (बैलाचा कासरा यासाठी मुळीच वापरू नये) झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरावरून तो शेताकडे ताणून ठेवावा. खाच व्यासाच्या पाव भागाएवढीच पुरे; मागचा काप तिच्या तळापेक्षा थोडा वर घ्यावा आणि दोहोंमध्ये व्यासाच्या सुमारे दहाव्या हिश्श्याएवढी लाकडाची पट्टी अखंड सोडावी, कारण बिजागरीसारखी झाडाला दिशा देते ती हीच पट्टी. कापात पाचर मावू लागताच ती ठोकावी. गोठ्यातील जनावरे अगोदरच बाहेर काढावीत. वीजतार जवळ असल्यास मात्र स्वतः हात लावू नये. बाभळीऐवजी साग, मोह किंवा चिंच असल्यास महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोडविषयक कायद्यानुसार आधी परवानगी घ्यावी लागते.