शिडाच्या बोटीवर सहा महिने राहायचंय, रोजचा दिवस नक्की कसा जातो?

समुद्रपाखरू:
आम्ही दोघं मे ते ऑक्टोबर फ्रेंच पॉलिनेशियात तुआमोतूच्या बेटांमध्ये ओळखीच्या जोडप्याच्या बोटीवर राहायला जातोय, बोट १२ मीटरची. शीड ओढणं, सुकाणू धरणं जमतं थोडंफार. पण व्हिडिओत बघावं तर सगळे पोहतायत नाहीतर सूर्यास्त बघतायत, मला हवंय ते मधलं. चार माणसांना पाणी कसं पुरतं, रात्री झोप लागते का? नवरा म्हणतो जमेल गं सगळं, पण मला आधी नीट समजून घ्यायचंय.

गोडंपाणी:
ताई, पाण्याचा प्रश्न बरोबर विचारलात. ती बेटं म्हणजे प्रवाळाची बुटकी कडी, नदी नाही ओढा नाही, गावातले लोकच पावसाचं पाणी टाकीत साठवून वापरतात, त्यामुळे त्यांच्याकडे पाणी मागायला जायचं नाही. बोटीवर वॉटरमेकर (समुद्राचं पाणी गोडं करणारं यंत्र) असेल तर दुपारी सोलर भरात असताना चालवायचा. बंदरात पाण्यावर डिझेलचा तवंग दिसला तर अजिबात नाही, तेलाने त्यातलं मेंब्रेन, म्हणजे मीठ गाळणारा पडदा, कायमचं खराब होतं.
भांडी आधी समुद्राच्या पाण्यात घासायची आणि शेवटी स्प्रेच्या बाटलीतून गोड्या पाण्याचा हात. अंघोळही तशीच, समुद्रात डुबकी, शॅम्पूचा फेस (साधा साबण खाऱ्या पाण्यात फेसच देत नाही), परत डुबकी आणि वरून दोन लिटर गोडं पाणी. केसांतून, कानामागून मीठ नीट काढा. आणि खारा टॉवेल चुकूनही बिछान्यावर टाकू नका, मीठ हवेतली ओल ओढतं, गादी दिवसभर उन्हात ठेवली तरी रात्री परत चिकट लागते. मी पहिल्याच आठवड्यात ही चूक केली आणि पुढे महिनाभर ओलसर उशीवर झोपले.

नांगरवाला:
झोपेचं मी सांगतो, कारण झोप नांगरावर अवलंबून असते.
तिथे तळाला वाळू असते पण मधेमधे प्रवाळाचे उंचवटे, वारा फिरला की साखळी त्यांना वेढे घालते आणि आखडते, मग लाट आली की बोटीच्या नाकावर असा हिसका बसतो की सगळी बोट थरथरते. म्हणून साखळीचा नांगराजवळचा भाग तळाला सोडून पुढे थोड्या थोड्या अंतरावर बोये (तरंगते गोळे) बांधतात, म्हणजे ती प्रवाळावरून तरंगत राहते, प्रवाळही तुटत नाही. ऊन डोक्यावर असताना, पोलराइज्ड चष्मा लावून, वाळूचा फिकट पट्टा बघून नांगर टाका आणि मग मास्क लावून पाण्यात उतरून स्वतःच्या डोळ्यांनी बघा की तो वाळूत पुरता घुसलाय. हे रोज करावं लागलं तरी करा.
माराआमू म्हणजे आग्नेयेचा जोराचा वारा, तो सुटला की फकारावा बेटासारख्या साठेक किलोमीटर लांबीच्या लगूनमध्ये (प्रवाळाच्या कड्याच्या आतलं पाणी) उत्तर टोकाला मोठाल्या लाटा उठतात, एकदा आम्ही तिथेच राहिलो आणि रात्री दोनपासून उजाडेपर्यंत दोघं पाळीपाळीने कॉकपिटमध्ये बसून होतो. आता अंदाज दिसला की आदल्या दिवशीच आग्नेय कोपऱ्यात हिरिफाला जाऊन थांबतो.
अजून एक, लगूनच्या पासमधून, म्हणजे कड्यातल्या आतबाहेर जायच्या वाटेतून, जायचं ते पाण्याचा ओघ थांबल्यावरच. पण दक्षिणेकडून मोठी लाट येत असेल तर कड्यावरून पाणी सतत आत पडतं आणि पासमधून बाहेर जाणारा ओघ तासन्‌तास थांबत नाही, भरतीचं वेळापत्रक तेव्हा कामाचं नाही, डोळ्यांनी पाणी बघून ठरवायचं.

कोबीचापाला:
खाण्याचं राहिलं. पुठ्ठ्याचे खोके बोटीवर आणूच नका, त्यांच्या घड्यांत झुरळांची अंडी असतात, सामान धक्क्यावरच पिशव्यांत काढा. कोबी टिकतो, वरचा एकेक पाला काढत जा. लगूनमधला मासा गावकऱ्यांना विचारल्याशिवाय खाऊ नका, सिग्वाटेराचं विष शिजवून जात नाही, एका बेटावर चालणारा मासा शेजारच्या बेटावर बाधू शकतो. प्रवाळाने खरचटलं तर छोटी जखम आहे म्हणून सोडू नका, लगेच गोड्या पाण्याने धुवा, औषध लावा आणि बरी होईपर्यंत पोहणं बंद.

समुद्रपाखरू:
किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, नवऱ्याला वाचून दाखवलं, टॉवेलचं ऐकून तोही गप्प झाला. नांगरवाला दादा, पाण्यात उतरून नांगर बघायला मला जमेल का? मी साताठ मीटर खोल जाऊ शकत नाही.

नांगरवाला:
खोल जायची गरजच नाही, तिथलं पाणी इतकं नितळ असतं की वरून तरंगतच साखळीच्या रेषेने पुढे गेलं की नांगरापर्यंत दिसतं. फक्त एकटीने जाऊ नका, बोटीवर कोणीतरी तुमच्याकडे बघत असू दे.